खारिजाचा रकाना

दिवाळीच्या सुट्ट्या लागायला आठ दिवस राहिले होते. २०२३ साल. सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, आणि त्यातच वरून आदेश आला. शाळेतली जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं काढायची, जातीच्या रकान्यात कुणबी अशी नोंद असेल तर त्या पानाची प्रत काढायची आणि ठरलेल्या नमुन्यात माहिती भरून तालुक्याला कळवायची. मराठा घरांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम तेव्हा मराठवाड्यात जोरात सुरू झालं होतं. निजामाच्या काळातली कागदपत्रं जिथं असतील तिथं शोधली जात होती. महसूलच्या जोडीनं शाळांचं दप्तरही त्यात आलं.

मी तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद प्रशालेत इतिहास आणि मराठी शिकवते. 'जिल्हा परिषद प्रशाला' हे नाव मराठवाड्याबाहेर फारसं कानावर पडत नाही. निजामाच्या राज्यातली सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदांकडं आली, त्यांना आम्ही प्रशाला म्हणतो. पुण्या-साताऱ्याकडं हायस्कूल म्हटलं की कुठल्यातरी संस्थेचं नाव डोळ्यांपुढं येतं. आमच्याकडं तसं फार कमी होतं, कारण निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायची तरी परवानगी लागायची, आणि ती सहजी मिळत नसे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या, अंबाजोगाईच्या शाळेसारख्या थोड्या शाळांनी तरीही दिवा लावला. दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, हे आमच्या लेकरांना मी दरवर्षी आवर्जून सांगते. पण ज्या गावात अशी शाळा नव्हती, तिथल्या पोरांना सरकारी मदरसा, म्हणजे सरकारी शाळा, हाच एक दरवाजा होता. आमची प्रशाला त्यातलीच.

मुख्याध्यापकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "बाई, इतिहास तुमचा विषय. तुम्हीच बघा." प्रयोगशाळेच्या मागं एक अंधारी खोली आहे. फुटकी बाकडी, बंद पडलेले संगणक, निवडणुकीतून उरलेल्या खुणेच्या पाट्या, सगळं तिथं. शिपाईमामांनी बॅटरी धरली आणि आम्ही दोघांनी मिळून पत्र्याची पेटी ओढून व्हरांड्यात आणली. आत लाल फडक्यात बांधलेले सात बस्ते होते. वरच्या दोन बस्त्यांत माळवद गळून पाणी शिरलेलं. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीटच झाली होती. ते दोन बस्ते आजही तसेच आहेत, उघडायचं धाडस झालेलं नाही. त्या दोन बस्त्यांत कोण कोण आहे, या विचारानं अजून जीव हळहळतो.

बाकीचे पाच उघडले. पहिलं जाड रजिस्टर मी नेहमीच्या सवयीनं उघडलं, तर पहिल्याच पानावर मराठी अक्षरं, १९४९ सालातली. म्हटलं, म्हणजे शाळा स्वातंत्र्यानंतरची. कमानीवर रंगवलेल्या पाटीवर तर स्थापना १९५६ लिहिलेली आहे. चला, सात वर्षं मागं गेलो. पानं उलटत गेले. साधारण निम्म्यावर आल्यावर कोरी पानं लागली. सात-आठ कोरी पानं. आणि त्यानंतर उर्दू. तीही उलटी वाटली. मग लक्षात आलं की उलटी ती नव्हे, मी उलट्या बाजूनं आले होते. रजिस्टर पालथं केलं. ज्याला मी शेवटचा पुठ्ठा समजत होते, तीच त्याची सुरुवात होती. कुणीतरी १९४९ साली कागद वाया जाऊ नये म्हणून त्याच वहीची दुसरी बाजू धरून मराठीत नोंदी सुरू केल्या होत्या. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी, आणि मध्ये ती कोरी पानं.

उर्दू मला येत नाही. गावातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते भिंगाचा चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन हजर. "बाई, छापील उर्दू येणं वेगळं आणि हे वाचणं वेगळं," पहिलं पान बघून ते म्हणाले. "हे शिकस्ता आहे. कारकुनाला घाई असते, तो नुक्ते द्यायचं विसरतो." नुक्ते म्हणजे अक्षरांवरचे टिंब. आणि सगळा घोळ तिथंच होता. कुणबी लिहिताना मधल्या दोन अक्षरांचे नुक्ते गाळले तर ती नुसती दातरी रेघ राहते, आणि अशी रेघ दुसऱ्या शब्दातही असते. म्हणून सरांनी नियम घातला. एकच शब्द संशयाचा वाटला की त्याच कारकुनाच्या हातची दहा पानं पुढं-मागं बघायची, त्यानं तो शब्द इतर ठिकाणी कसा काढलाय ते ताडून पाहायचं आणि मगच लिहायचं. मनाला वाटलं म्हणून एकही नोंद होय किंवा नाही करायची नाही. बाहेर फाटकाशी माणसं येऊन उभी असायची, हातात आजोबांच्या नावाची चिठ्ठी. त्यांच्या लेकरांच्या ॲडमिशनचं, नोकरीचं त्या दातऱ्या रेघेवर अवलंबून होतं. अशा कामात घाई करणं म्हणजे पाप.

त्यांनी मला आकडे शिकवले. उर्दूतला सात म्हणजे उघडी ओंजळ, आठ म्हणजे घराचं छप्पर, शून्य म्हणजे नुसतं टिंब. अक्षरं उजवीकडून येतात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. दोन दिवसांत मी तारखांचा रकाना स्वतः वाचू लागले. पण वाचून उपयोग काय? तारखा फसली सालातल्या होत्या. निजाम सरकारचं साल फसली. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं आणि महिन्यांची नावं इराणी. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहर, आबान. फळ्यावर बारा खडूच्या रेघा ओढून सरांनी मला हे पाठ करायला लावलं, अगदी दुसरीच्या पोरीसारखं. हिशोब असा: फसली सालात ५९० मिळवा, बहमन संपता संपता इंग्रजी साल बदलतं, तिथून पुढं ५९१. म्हणजे १३५७ फसली ऑक्टोबर १९४७ला सुरू झालं.

सर्वांत जुनी वाचता आलेली नोंद १३३८ फसलीच्या तीर महिन्यातली निघाली. १९२९चा मे-जून. म्हणजे पाटीवरच्या १९५६ला आम्ही उगाच सलाम करत होतो; शाळा त्याहून निदान सत्तावीस वर्षं जुनी. त्या संध्याकाळी घरी जाताना मी कमानीखाली थांबले होते, हे मला आठवतं. रोज तिथून जाते, पण त्या दिवशी पाय निघेना.

इथून माझं काम दोन फाट्यांनी चालू लागलं. एक आदेशाचं, ते ठरल्याप्रमाणं नमुन्यात भरून गेलं. दुसरं माझं स्वतःचं. या शाळेचा इतिहास कुणी लिहिलेलाच नाही. मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक आहे, तोही १९६०च्या पुढचा. गॅदरिंगच्या अहवालात "आमच्या शाळेला उज्ज्वल परंपरा आहे" असं वाक्य दरवर्षी वाचलं जातं, ती परंपरा काय हे त्या पेटीत पडून होतं. मुख्याध्यापकांकडं परवानगी मागितली. ते म्हणाले, रजिस्टर खोलीबाहेर न्यायचं नाही, एवढं सांभाळा. मग शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सर आणि मी बसू लागलो. तासाला दोन-तीन पानं व्हायची. पान उलटायला मऊ ब्रश, खाली स्वच्छ सुती कापड, फोटो मोबाइलनं खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. चिकटपट्टी कुठंही लावायची नाही. आधी कुणीतरी लावलेल्या पट्ट्यांनी अक्षरं पिवळी पडून गेली होती, ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

रजिस्टरात शाळेचा इतिहास सरळ लिहिलेला नसतो, तो रकान्यांतून काढावा लागतो. इयत्तेचा रकाना घ्या. अव्वल म्हणजे पहिली, दुव्वम दुसरी, सुव्वम, चहारुम, पंजुम, शशुम, हफ्तुम. सुरुवातीची कितीतरी पानं हफ्तुमच्या पुढं जातच नाहीत. म्हणजे ही सातवीपर्यंतचीच शाळा होती, त्यांच्या भाषेत वस्तानिया. १३५२ फसलीत पहिल्यांदा हश्तुम, म्हणजे आठवी, हा शब्द आला. सरांनी भिंगावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, इथं तुमचं हायस्कूल सुरू झालं." १९४३. फोकानिया. पुढच्या सालात नहुम म्हणजे नववी, त्याच्या पुढच्या सालात दहुम म्हणजे दहावी, आणि दहुमची सहा पोरं. सहा. पंचक्रोशीतल्या एवढ्या गावांतून मॅट्रिकला बसायला सहा पोरं, सगळे मुलगे.

शिक्षण कसं होतं, हे कळायला डेडस्टॉक रजिस्टरनं, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीनं, मदत केली. त्यात पृथ्वीचा गोल एक, हॉकीच्या काठ्या, फुटबॉलचं ब्लॅडर, आणि 'नकाशा ममालिक-ए-महरूसा', म्हणजे निजामाच्या मुलखाचा नकाशा. पहिल्या चार इयत्ता मातृभाषेतून, पुढं सगळं उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं उच्च शिक्षण उर्दूतून दिलं जाई, आणि खालच्या शाळांची बांधणी त्याला धरून होती. इंग्रजी सोडून देशी भाषेत पदवीपर्यंत शिकवण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मी वर्गात मोकळेपणी सांगते. पण आमच्या घरांत बोलली जाणारी देशी भाषा वेगळी होती, हेही सांगते. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या पोराला पाचवीत गेलं की गणितसुद्धा परक्या भाषेत करावं लागे. कितीतरी पोरं चहारुमनंतर खारिज झालेली दिसतात. पानामागून पान. चौथी संपली, नाव कमी.

'खारिज' हा शेवटचा रकाना. नाव कधी कमी केलं आणि का. पहिल्यापहिल्यांदा मी तो सोडून देत होते, कारण मला जात, गाव, तारीख एवढंच हवं होतं. पण सर प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचायचे, ते त्यांचं वळणच. "गैरहाजरी. गैरहाजरी. फीस अदा न केल्यामुळं. इंतकाल." मी विचारलं, इंतकाल म्हणजे? "वारला, बाई. पोरगा वारला." नऊ वर्षांचा होता. त्याच पानावर आणखी तिघं, त्याच महिन्यातले. गावात त्या साली काय साथ आली होती, हे कागद सांगत नाही.

त्या दिवसापासून मी तोच रकाना पहिल्यांदा वाचते. शाळेत कोण आलं हे अभिमानानं सांगणारे खूप असतात. कोण गेलं, कधी गेलं आणि का गेलं, हे सांगणारी जागा शाळेत तेवढी एकच.

१३५७ फसलीची पानं आली तेव्हा थंडी संपत आली होती. ते साल सुरू झालं तेव्हा देश स्वतंत्र होऊन दीड-दोन महिने झालेले, आणि आमच्याकडं रझाकारांचा वावर वाढत चाललेला. बहमनपासून खारिजाच्या नोंदी वाढत जातात. कारण एकच लिहिलेलं: 'तर्क-ए-सकूनत', गाव सोडलं. नावं बघितली की कळतं कोण निघून जात होतं. पुष्कळ कुटुंबं हद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, नगरकडं गेली, हे आमच्या आज्यांनी सांगितलेलं. आता ते तारीखवार समोर होतं. मग मेहर. एक नोंद. आबान महिना कोरा. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. तो हाच महिना. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या कोऱ्या जागेनं मला जास्त सांगितलं.

त्याच्या पुढचं पान सरांनी हळू वाचलं. पुन्हा तर्क-ए-सकूनत, पुन्हा पुन्हा. पण आता नावं वेगळी होती. आता जी घरं उठली ती सरांच्या समाजाची. राहण्याच्या रकान्यात गल्ल्यांची नावं होती. सर गल्लीचं नाव वाचायचे, थांबायचे, आणि आज तिथं काय आहे ते सांगायचे. "इथं आता दवाखाना आहे. इथं भाजीबाजार. ही गल्ली तर राहिलीच नाही." पान संपल्यावर त्यांनी भिंग रुमालात गुंडाळलं. म्हणाले, आज एवढंच. त्या शनिवारी आम्ही फक्त एक पान केलं. शिपाईमामांनी चहा आणला, तो आम्ही तिघांनी काही न बोलता प्यायला.

त्या पानानंतर कोरी पानं. आणि कोऱ्या पानांच्या पलीकडं मराठी.

लेकरांना हे दाखवायचं मी तेव्हाच ठरवलं. नववीतल्या बारा जणांचा गट केला. आमच्या प्रशालेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत, एका बाजूला सेमी इंग्रजी. खो-खो, कबड्डी, लेझीम, चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, डिसेंबरात एनएमएमएस. त्या शिष्यवृत्तीचा आमच्याकडं फार मोठा आधार आहे. आठवीतल्या लेकराला लागली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बुद्धिमत्तेचा एक पेपर, शालेय विषयांचा एक, दोन्ही ९० प्रश्नांचे. आमचे गणिताचे सर त्यासाठी सकाळी आठपासून जादा तास घेतात, कुणी सांगितलं नसताना. सरकारी शाळेत काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा डिसेंबरातल्या थंडीत आठ वाजता येऊन बघावं, लेकरं कान बांधून बसलेली असतात.

पण इतिहासाचा उपक्रम म्हटलं की आपल्याकडं किल्ल्याची प्रतिकृती नाहीतर वेशभूषा. या वेळी वेगळं करायचं होतं. बारा जणांना मी फोटोंच्या छापील प्रती दिल्या (जातीचा रकाना झाकून, तो त्यांच्या कामाचा नव्हता) आणि तीन कामं सांगितली. फसलीचं इंग्रजी साल करायचं, गावानुसार सूची करायची, आणि आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं कुणी सापडलं तर त्या घरी जाऊन बोलायचं. आकडे ते माझ्याहून लवकर शिकले. एका मुलीनं पुठ्ठ्याची दोन चाकं केली, आतल्या चाकावर फसली महिने, बाहेरच्यावर इंग्रजी. चाक फिरवलं की जोडी जुळते. आजही मी तेच वापरते.

नंतरच्या मराठी पानांत त्यांना एक गंमत दिसली, निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. वाढदिवस एकाच दिवशी कसे? मी सांगितलं, तुमच्या आजोबांना जन्मतारीख ठाऊक नव्हती. जूनमध्ये शाळा उघडायची, मास्तर दात बघायचे, उंची बघायचे, आणि १ जून लिहून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी येऊन सांगितलं, आमच्या आज्याच्या आधार कार्डावरही १ जूनच आहे.

आणि चाक करणाऱ्या त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, यात आई कुठंय?" नाव, वल्दियत म्हणजे बापाचं नाव, कौम म्हणजे जात, पेशा म्हणजे धंदा, सकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण, जन्म. आई नाही. उर्दू भागात नाही, मराठी भागातही पुढची कितीतरी वर्षं नाही. आत्ताच्या जनरल रजिस्टरला आईच्या नावाचा रकाना आहे, आणि १ मे २०२४ पासून तर शासनानं मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरवलं. लेकरांना ते एक सरकारी फॉर्म भरण्याची कटकट वाटत होती. ते जुनं पान समोर असताना मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच मुलीनं मग पहिली मुलगी शोधायला घेतली. उर्दू भागात एकही सापडली नाही. मराठी भागात १९५१च्या जूनमध्ये पाचवीत एक, एकटीच. पुढच्याच वर्षी नाव कमी. कारण: विवाह.

घरभेटींत सर्वांत मोलाचे भेटले ते एक आजोबा, सत्त्याऐंशी वर्षांचे. त्यांचं नाव दोन्ही बाजूंना होतं, उर्दूतही आणि मराठीतही. पाचवी उर्दूत अर्धी झाली आणि शाळा बंद पडली, पुन्हा उघडली तेव्हा मास्तर मराठीत बोलायला लागले, असं त्यांनी सांगितलं. बेरीज-वजाबाकी त्यांच्या तोंडी अजून येत नाही. जमा, तफरीक, जरब, तकसीम. बाजारातला हिशोब आजही जरब करून. मुलांनी विचारलं, इतिहासाला काय म्हणायचे? "तारीख." भूगोलाला? "जुग्राफिया." मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "मराठी झाली तेव्हा आम्ही खूश झालो, पण परीक्षेत नापास झालो. शब्दच ठाऊक नव्हते की." हॉकी खेळायचे ते. मैदान कुठं होतं ते त्यांनी हातानं दाखवलं. आता तिथं पंचायत समितीची गाळ्यांची ओळ आहे.

१७ सप्टेंबर २०२४ला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, व्हरांड्यात प्रदर्शन मांडलं. ए-थ्री कागदावर मोठे केलेले उतारे, शेजारी मराठी अर्थ, महिन्यांचं चाक, इयत्तांचा तक्ता. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र, १९६२ला जिल्हा परिषद, १९७५ला नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी: या तारखा एका कागदावर आटोपशीर लिहिल्या, त्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. उरलेल्या जागेत फक्त खारिजाचा रकाना. गैरहाजरी, फीस, इंतकाल, तर्क-ए-सकूनत, विवाह. पालक आले, गावातली जुनी माणसं आली. सरांना आम्ही पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती, पण ते बसलेच नाहीत. दोन तास उभे राहून येईल त्याला वाचून दाखवत होते. सत्त्याऐंशीचे आजोबा नातवाच्या मोटारसायकलवर आले आणि स्वतःच्या नावाच्या ओळीवर बोट फिरवत राहिले.

पुढच्या गॅदरिंगला अहवालात शाळेचं स्थापना वर्ष १९२९पूर्वी असं वाचलं गेलं. कमानीवरची पाटी अजून बदललेली नाही. तो ठराव व्यवस्थापन समितीपुढं ठेवलाय. उतारे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवले आहेत. रजिस्टरं आता कोरड्या कपाटात, डांबराच्या गोळ्या आणि सुती कापडात.

१९७२-७३ची पानं आम्ही या उन्हाळ्यात वाचली. मराठीत आहेत, वाचायला अवघड काही नाही. दुष्काळाचं साल. एकाच इयत्तेतली एकोणीस मुलं कमी झालेली, आणि एकोणीसही वेळा एकच कारण, एकाच वळणदार अक्षरात: 'सतत गैरहजर'. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, असं कुणी लिहिलं नाही. कारण रकान्याला तेवढंच चालत होतं. मी वाचत होते आणि मला माझंच अक्षर दिसत होतं. मीही हेच लिहीत आलेय. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरं बरोबर. लहान्यांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतो, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते. नववी-दहावीच्या पोरींचं मात्र अवघड. मोठ्या झाल्या, मागं कुणाकडं ठेवायच्या, म्हणून आई घेऊन जाते. गावातून मानव विकासची निळी एसटी येते, पण पोरगीच फडावर असेल तर एसटी रिकामी जाते.

ज्या मुलीनं "यात आई कुठंय" विचारलं होतं, ती यंदाच्या दिवाळीनंतर आली नाही. दहावीचं वर्ष. फोन लावला, बाप म्हणाला, आई आजारी आहे, कोयत्याला माणूस कमी पडतंय, मार्चात परीक्षेला आणतो. कारकुनानं महिनाअखेरीला रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, वर्गशिक्षक म्हणून सही करायला. कारणाच्या रकान्यात त्यानं पेन्सिलीनं 'सतत गैरहजर' लिहिलं होतं, नेहमीसारखं. मी ते खोडलं. नाव कमी करायचं नाही, असं मुख्याध्यापकांना सांगून आले. त्यांनी विरोध केला नाही. मग शेऱ्याच्या जागेत, जेवढं बारीक लिहिता येईल तेवढं बारीक, शाईनं लिहिलं: 'आईवडिलांसोबत ऊसतोडीस गेली आहे. आई आजारी. मार्चमध्ये परीक्षेस येणार. पुस्तके सोबत दिली आहेत.'

पुस्तकं त्याच संध्याकाळी तिच्या चुलत्याबरोबर पाठवली. वरच्या पुस्तकात तिचंच पुठ्ठ्याचं चाक ठेवलं.